मदत हवी आहे : दुकानाच्या आवारात उघड्यावर माल ठेवण्याची परवानगी

नमस्कार मंडळी. आमचं बांधकाम साहित्याचं दुकान आहे, जागा स्वतःची. पीव्हीसी पाइप सहा मीटरचे आणि सळई बारा मीटरची, ती आत मावत नाही. म्हणून बाजूच्या सामासिक जागेत (इमारतीभोवती मोकळी सोडावी लागते ती जागा) लोखंडी घोडे, म्हणजे माल ठेवायचे स्टँड, लावून माल रचलाय. आता महापालिकेची नोटीस आली : जागा मोकळी करा.

दुकानामागच्या सोसायटीची तक्रार मला पटते. शेजारच्या गाळ्याबाहेर जुन्या टायरांत पावसाचं पाणी साचतं, त्यात डेंग्यूचे डास होतात. आग लागली तर बंब आत वळायला हवा, हेही खरंच. पण पाइप आणि भंगार एकाच मापाने का मोजायचं? उंचीची मर्यादा घाला, कुंपण सक्तीचं करा, पुढची बाजू पूर्ण मोकळी ठेवायला लावा. हे सगळं आम्हाला मान्य आहे.

व्यापारी संघाला नियमातच बदल मागायचाय. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना (एमआरटीपी) कायदा, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदलाची सूचना निघते, महिनाभर हरकती घेतात, मग शासनाची मंजुरी लागते, एवढं वाचलंय. पण आमच्याकडे २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे राज्यातल्या बहुतेक शहरांसाठी शासनाने केलेले बांधकामाचे एकच नियम, लागू आहे. मग प्रस्ताव महापालिकेच्या सभेत न्यायचा की थेट नगरविकास विभागाकडे? तोवर नोटिशीला उत्तर काय द्यावं?

कुणी हे केलं असेल तर अर्जाचा मसुदा पाठवाल का? नगररचनेतले जाणकार असतील तर कृपया सविस्तर लिहा. उत्तराची मुदत जवळ आलीय.