एसटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचा) गाळ शेतात टाकू का? परवा ट्रॉली येतेय, लवकर सांगा

कळमेश्वरकर: सांडपाणी प्रकल्पाचा वाळवलेला गाळ फुकट मिळतोय, भाडं तेवढं आपलं. एकरी पाच ट्रॉली टाकायचाय. रिपोर्ट, मिलिग्रॅम प्रति किलो: कॅडमियम १.४, निकेल २२, शिसे २६, जस्त ४१०. सगळं कंपोस्टच्या मर्यादेत बसतं. टाकू ना?

काळीभोर: पीक कोणतं? जमीन कशी? आणि हे आकडे ओल्या वजनावरचे की कोरड्या?

गांडूळमित्र: गाळाचं आधी गांडूळखत करा. ४५ दिवसांत गांडुळं धातू खाऊन टाकतात.

काळीभोर: धातू कुठं जात नाहीत भाऊ. थोडे गांडुळांच्या अंगात साठतात, बाकी खतातच राहतात. ढीग कुजून आटला की उरलेल्यात प्रमाण उलट वाढतं.

कळमेश्वरकर: ओलावा ६८ टक्के लिहिलाय, बाकी काही नाही. काळी जमीन, सामू (पीएच) ८.१. पालक आणि सांभार (कोथिंबीर). पण याचा काय संबंध?

काळीभोर: सगळी मेख तिथंच आहे. रिपोर्टात कोरडं लिहिलं नाही, तर आकडे ओल्या वजनावरचे धरू. १०० किलोत कोरडा माल ३२ किलो, म्हणून प्रत्येक आकडा ०.३२ ने भागा. कॅडमियम ४.४, निकेल ६९, शिसे ८१, जस्त १२८१. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये कंपोस्टची मर्यादा कोरड्या वजनावर दिली होती, याच क्रमाने: ५, ५०, १००, १०००. निकेल आणि जस्त बाहेर गेले. क्रोमियम (५०) आणि पारा (०.१५) तर तपासलेच नाहीत.

माती_आधी: इतकं घाबरवू नका. ट्रॉली तीन टनांची धरली तर एकरी कोरडा माल ४.८ टन, त्यात कॅडमियम २१ ग्रॅम. वरच्या १५ सेंटिमीटरची माती एकरी सुमारे ९ लाख किलो. वाढ होते ०.०२ मिलिग्रॅम प्रति किलो. शिवाय सामू ८ ला निकेल, जस्त मातीला घट्ट धरून राहतात.

काळीभोर: एका वेळेचा हिशेब बरोबर. पण टाकलेलं परत निघत नाही, दरवर्षी भरच पडते. आणि पालक कॅडमियम पानात ओढतो. कापसाला टाकत असते तर मी एवढं अडवलं नसतं.

हिरवी_वाडी: सांभार कच्चा खातात, जंतांच्या अंड्यांचं काय? ढीग १५ दिवस ५५ अंशांवर ठेवून पाच वेळा पलटवला नसेल तर भाजीला हात लावू नका. अमेरिकेच्या १९९३ च्या नियमात असा पूर्ण जंतुमुक्त न केलेला गाळ टाकल्यावर मातीला टेकणारी भाजी १४ महिने काढता येत नाही.



माती_आधी: कळमेश्वरकर, नमुना कशात मिसळला होता?

कळमेश्वरकर: घरच्या पत्र्याच्या बादलीत.

माती_आधी: तिला जस्ताचा मुलामा असतो, म्हणजे तुमच्या जस्ताच्या आकड्यावर भरवसा नाही. ढिगाच्या १५-२० जागी, वरचा थर बाजूला करून हातभर आतून घ्या. प्लॅस्टिकच्या टबात मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा, असं करत किलोभर उरवा.

कळमेश्वरकर: ट्रॉली थांबवली. माती परीक्षण केंद्रात चालेल का?

काळीभोर: तिथली डीटीपीए (मातीतून धातू सोडवून घेणारं रसायन) पद्धत पिकाला मिळणारा भागच दाखवते, आकडा कमी येतो. आम्लात विरघळवून 'एकूण धातू, कोरड्या वजनावर' असं अर्जात लिहून द्या. क्रोमियम, पारा वेगळे मागा.