सोलापूरच्या गिरण्या कापसामुळे की रेल्वेमुळे?

माळरान: जिल्हा मुळात ज्वारीचा. मग गिरण्यांचं गाव सोलापूरच का झालं? रेल्वे तर कुर्डुवाडी, मोहोळलाही होती.

मालधक्का: रेल्वे कुठे होती यापेक्षा कुठे थांबली ते बघा. जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) मुंबईहून येणारी लाइन सोलापूरला आली 1860 मध्ये, पण रायचूरला पोचायला 1871 उजाडलं. मधली दहाएक वर्षं विजापूर, कलबुर्गीकडच्या बैलगाड्यांना माल चढवायला सोलापूर गाठणं भाग होतं. त्यातली पहिली तीन वर्षं तशी अडखळतच गेली. बोरघाटातला रेल्वेमार्ग खुला झाला 1863ला. तोवर मुंबईला जाणारा माल खंडाळ्याला उतरवायचा, बैलगाडीने घाटाखाली खोपोलीला न्यायचा, पुन्हा भरायचा. घाट झाला तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चाललेलं आणि कापसाला सोन्याचा भाव. अडते नि वखारी आधी, गिरणी नंतर. सोलापूरची पहिली गिरणी, म्हणजे ‘जुनी मिल’, सुरू झाली 1877ला.

धोटा: आणि गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर? होटगी-गदग मीटरगेज 1884ची, कुर्डुवाडीची बार्शी लाइट रेल्वे 1897ची, ती तर अडीच फुटी नॅरोगेज. मेन लाइन साडेपाच फुटी. एकीचा डबा दुसरीच्या रुळावर चढत नाही, म्हणून होटगीला आणि कुर्डुवाडीला एकेक गठाण हमालाच्या पाठीवरून. हमालाचा लोखंडी आकडा लागून गोणपाट फाटायचं, सरकी-कापूस सांडायचा, भिजला की वजनावरून भांडण. सगळा भुर्दंड व्यापाऱ्याला.

मालधक्का: बरोबर, पण त्याचं श्रेय सोलापूरला देऊ नका. हमाली वाढली होटगी-कुर्डुवाडीत. नॅरोगेजचा वर्कशॉपही कुर्डुवाडीलाच.

ताणाबाणा: कापूस रेल्वेने आला, पण मुंबईची दमट हवा कुठून आणणार? एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत सूत ठिसूळ होतं, तुटतं. मग गिरणीच्या सूतखात्यात पाण्याचे फवारे लागतात. जाड सुताच्या आडव्या छेदात तंतू जास्त, ते तग धरतं. इथल्या हवेला ते परवडणारं, आणि गिऱ्हाईक शेजारीच: तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, हातमागवाले. मोठ्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या तरी गावाचा धंदा बुडाला नाही तो यामुळेच. विणकाम गिरणीबाहेर आधीपासून होतं, ते यंत्रमागावर गेलं. जॅकार्डवरची (नक्षी विणणाऱ्या मागावरची) चादर आणि टॉवेल, दोन्ही तिथलेच.

माळरान: म्हणजे वखार, गिरणी, माग अशा क्रमाने वाचायचं. पुढचा प्रश्न कोळशाचा, तो वेगळ्या धाग्यात टाकतो.