मदत हवी आहे: नवऱ्याला नर्सिंग करायचंय, व्होक रिहॅबचा काउन्सेलर नाही म्हणतोय

कृष्णाकाठ
जरा पटापट उत्तरं हवीत. नवऱ्याला नर्सिंगला जायचंय. व्होक रिहॅबचा काउन्सेलर म्हणतो, जमणार नाही. कॉलेजच्या अर्जाची मुदत १५ तारखेला संपते. कोणी यातून गेलंय का? काउन्सेलर बदलून मिळतो का? गूगल करून झालंय, सगळीकडे तेच तेच येतं. आणि कृपा करून 'होईल सगळं नीट' छापाचे प्रतिसाद नकोत.

दुर्वांकुर
रिहॅब म्हणजे व्यसनमुक्ती ना? तिथून एकदम नर्सिंग? त्यांना आधी नीट बरं तर होऊ द्या. माझ्या एका मावसभावाचं उदाहरण आहे, हवं तर विपूत (विचारपुशीत) सांगते.

कृष्णाकाठ
अहो व्यसन कुठून आलं! चहा सोडून कसलं व्यसन नाही त्याला. तो सैन्यात होता. पाठ आणि गुडघा गेलाय, म्हणून व्होकेशनल रिहॅबिलिटेशन.

खडकीकर
ताई, सैन्यात होते म्हणता तर इकडे तिकडे फिरू नका. सरळ पुण्यात खडकीला या. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट, १९१७ पासून अपंग जवानांना हातात काम देण्यासाठीच आहे. शेजारीच पॅराप्लेजिक सेंटर. व्हीलचेअरवरची पोरं तोंडात ब्रश धरून काय चित्रं काढतात, बघून या एकदा. नर्सिंग तिथे नाही, पण दुसरं काहीतरी शिकतील. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवलंय का? रेजिमेंट कोणती?

कृष्णाकाठ
काका, अमेरिकेचं सैन्य. आम्ही सॅन अँटोनियोला असतो. लिहायचं राहिलं.

पोटोमॅक
हे राहिलं म्हणजे सगळंच राहिलं की! मी स्वतः नेव्हीतून बाहेर पडून याच योजनेत अकाउंटिंग केलंय, म्हणून विचारतो. अपंगत्वाचं रेटिंग किती टक्के? डिस्चार्ज कोणत्या वर्षी? जीआय बिल (माजी सैनिकांना शिक्षणासाठी मिळणारे पैसे) वापरलंय का, किती महिने? दोन वर्षांची असोसिएट डिग्री की चार वर्षांची बीएसएन? आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'नाही' हे लेखी आलंय की तोंडी?

बाकीच्यांसाठी: अमेरिकेत माजी सैनिकांसाठी व्हीएची, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याची, ही योजना आहे. कायद्यातल्या ३१व्या चॅप्टरमध्ये येते म्हणून 'चॅप्टर ३१' म्हणतात. २०२० मध्ये नाव बदलून 'व्हेटरन रेडीनेस अँड एम्प्लॉयमेंट' केलं, पण सगळे अजून व्होक रिहॅबच म्हणतात. फी, पुस्तकं, लागणारं सामान आणि वर दरमहा भत्ता. पण हे जीआय बिलासारखं 'तुमचे पैसे, हवं ते शिका' नाही. जी नोकरी तुमच्या शरीराला झेपेल, त्या नोकरीपुरतं शिक्षण. काउन्सेलरने आराखड्यावर सही केली तर.

कृष्णाकाठ
६० टक्के. पाठ ४०, गुडघा २०, कानात आवाज येतो त्याचे १०. डिस्चार्ज २०१८. तो मेडिक होता, जखमी सैनिकांवर जागेवर उपचार करणारा. इथल्याच फोर्ट सॅम ह्यूस्टनच्या तळावर ट्रेनिंग झालं. कम्युनिटी कॉलेजमध्ये असोसिएट करायचंय.

गणितप्रेमी
४० + २० + १० = ७०. तुम्हाला १० टक्क्यांना फसवलंय.

पोटोमॅक
फसवलेलं नाही. व्हीए बेरीज करत नाही. ४० टक्के गेले की माणूस ६० टक्के धडधाकट उरतो. गुडघ्याचे २० त्या ६० वर, म्हणजे १२. झाले ५२. आता उरले ४८, त्याचे १० टक्के म्हणजे पाच धरा. ५७. जवळच्या दहात नेलं की ६०. पहिल्यांदा कळलं तेव्हा मीही कॅल्क्युलेटर आपटला होता.

खडकीकर
आमच्याकडे उलट. ब्रॉड बँडिंग आहे. ५० च्या खाली असेल तर ५० धरतात, ५० ते ७५ ला ७५, त्यावर सरळ १००. जवानाच्या बाजूने गोल करतात. घ्या म्हणावं शिकून.

जिलेबी_मठ्ठा
सॅन अँटोनियो म्हणजे टेक्सास! मग एवढी डोकेफोड कशाला? हेझलवूड अ‍ॅक्ट बघा. टेक्सासच्या सरकारी कॉलेजात माजी सैनिकांना १५० क्रेडिट तासांपर्यंत ट्यूशन माफ. काउन्सेलरची गरजच नाही. माझ्या दिराने त्यावरच इंजिनिअरिंग केलं. व्होक रिहॅब सोडा.

कृष्णाकाठ
हे माहीत नव्हतं! बघते.

कृष्णाकाठ
बघितलं. भरती टेक्सासमधून झालेली असावी लागते, नाहीतर भरतीच्या वेळी टेक्सासचे रहिवासी. तो न्यू जर्सीतून भरती झालाय. 🙁

जिलेबी_मठ्ठा
हे आधी सांगायचं ना.

सह्याद्रीपुत्र
एक प्रश्न पडला. आपल्या देशाचं सैन्य सोडून परक्या सैन्यात जाऊन पाठ मोडून घ्यायची आणि मग मराठी लोकांकडे मदत मागायची, हे कसं काय?

कृष्णाकाठ
माझ्या धाग्यावर हे नको. आम्ही इथे राहतो, इथेच टॅक्स भरतो.

खडकीकर
पुत्रा, पहिल्या महायुद्धात आमच्या साताऱ्याची पोरं मेसोपोटेमियात कोणाच्या सैन्यात गेली होती? जखमी जवानाला देश विचारायचा नसतो, आधी पाणी विचारायचं असतं. ताई, तुम्ही लिहा.

नाईटशिफ्ट
मी १६ वर्षं आरएन (रजिस्टर्ड नर्स) आहे, त्यातली ११ मेडिकल-सर्जिकल वॉर्डात. कोणाला आवडणार नाही, पण काउन्सेलर मूर्ख नाहीये.

रात्री तीन वाजता २४० पौंडांचा पेशंट पलंगावरून खाली घसरत आलेला असतो. त्याला वर घ्यायचा तर दोघी लागतात. अंगाखालच्या चादरीच्या दोन्ही कडा मुठीत गुंडाळायच्या, एक दोन तीन म्हणायचं आणि खेचायचं. छताला लिफ्ट असते हो, पण तिचा पट्टा नेमका धुवायला गेलेला असतो. टेक्सासने २००५ मध्ये देशात सगळ्यात आधी हॉस्पिटलांना पेशंट सुरक्षित उचलण्याचा कायदा लावला, कागदावर फार छान आहे. नायॉशने, म्हणजे कामाच्या जागेच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने, पेशंट हाताने उचलायला ३५ पौंडांची मर्यादा सुचवलीये, तीही सगळं अनुकूल असेल तेव्हा. माणसाचा एक पाय त्याच्या आसपास भरतो. माझ्या बरोबरीच्या चार जणींच्या पाठी गेल्यात, आणि त्या सैन्यात नव्हत्या.

तुमचा नवरा खाली बसून उठतो कसा, ते सांगा.

कृष्णाकाठ
डायनिंग टेबलाचा कोपरा धरून. मुलीचे बूट उचलायचे असले तर उजवा पाय मागे सरळ ठेवून वाकतो, बगळ्यासारखा.

पण म्हणून काय आयुष्यभर कॉम्प्युटरसमोर बसायचं? ते करून बघितलंय त्याने. १४ महिने जीआय बिलावर नेटवर्किंगचा कोर्स केला आणि सोडला. शेजारच्या आजोबांचं ड्रेसिंग बदलायला गेला की दोन तास येत नाही.

टेलीट्रायाज
नाईटशिफ्ट यांना असहमत. नर्सिंग म्हणजे फक्त वॉर्ड नव्हे! केस मॅनेजमेंट, यूटिलायझेशन रिव्ह्यू (उपचार गरजेचे आहेत का ते कागदांवरून बघणं), फोनवरचं ट्रायाज (कोणाला किती तातडी आहे ते ठरवणं), शाळेतली नर्स, कारखान्यातली नर्स. मी हेडसेट लावून खुर्चीत बसून काम करते, उचलते ती फक्त कॉफी. काउन्सेलरला हे दाखवा.

नाईटशिफ्ट
आणि त्या खुर्चीत बसायच्या आधी वॉर्डात किती वर्षं काढलीत?

टेलीट्रायाज
चार. पण तेव्हाची गोष्ट वेगळी.

नाईटशिफ्ट
काही वेगळी नाही. केस मॅनेजरची जाहिरात उघडा, एक-दोन वर्षांचा क्लिनिकल अनुभव मागतातच. आणि त्याच्या आधी शिकताना क्लिनिकल रोटेशन आहे, म्हणजे हॉस्पिटलात प्रत्यक्ष काम, तिथे हेडसेट नसतो. कॉलेजची 'टेक्निकल स्टँडर्ड्स' वाचा, किती पौंड उचलता आलं पाहिजे ते लिहिलेलं असतं. काही ठिकाणी ५० सुद्धा.

टेलीट्रायाज
त्यासाठीच कॉलेजात अपंग विद्यार्थ्यांचं ऑफिस असतं. सवलती मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. आमच्या बॅचला एक मुलगी कृत्रिम पाय लावून क्लिनिकल करून गेली.

नाईटशिफ्ट
सवलत मिळते, पण कामाचा गाभाच माफ होत नाही. मी त्याला जाऊ नको म्हणत नाहीये. काउन्सेलरला काय दिसतंय ते सांगतेय.

स्वाती_ह्यूस्टन
कृष्णाकाठ, तुम्हालाच नर्सिंग करायचं असेल तर चॅप्टर ३५ आहे, माजी सैनिकांच्या पत्नीला शिक्षणासाठी पैसे मिळतात. मी त्यावरच करतेय. नर्सिंगच्या प्रवेशाच्या टीस परीक्षेला अ‍ॅनाटॉमी घोकून जा, कार्डं करून फ्रिजवर चिकटवायची. माझी भाजी फोडणीला पडेपर्यंत एक एक हाड पाठ व्हायचं.

पोटोमॅक
चॅप्टर ३५ ला नवरा कायमस्वरूपी आणि संपूर्ण अपंग ठरलेला लागतो. यांचे ६० टक्के आहेत. शिवाय त्यांनी ते विचारलेलंही नाही.

स्वाती_ह्यूस्टन
कोणाला तरी उपयोग होईल म्हणून लिहिलं. लगेच अंगावर यायची गरज नाही.

सोपा_उपाय
मेडिक होता ना? मग थेट आरएनची परीक्षा द्यायची. एनक्लेक्स. युद्धात गोळ्या काढल्यात त्याने, तुमचं कॉलेज त्याला काय शिकवणार?

नाईटशिफ्ट
मेडिकच्या हातात ईएमटीचं, म्हणजे अँब्युलन्समधल्या तातडीच्या उपचारांचं, राष्ट्रीय प्रमाणपत्र असतं. एनक्लेक्स-आरएनला बसायला नर्सिंगचा कोर्सच पूर्ण करावा लागतो. काही कॉलेजं मेडिकच्या अनुभवाचे क्रेडिट देतात, ते मात्र विचारा.

पोटोमॅक
माझा प्रश्न अजून तसाच लोंबकळतोय. लेखी की तोंडी? दोनदा विचारलं.

कृष्णाकाठ
एकदाच विचारलंत. तोंडी. फोनवर म्हणाला, "फाइलमध्ये २५ पौंडांच्या वर उचलू नये अशी डॉक्टरची नोंद आहे, या नोंदीवर मी नर्सिंगचा आराखडा पुढे पाठवू शकत नाही, नवीन काही असेल तर आणा."

पोटोमॅक
बाई गं! हे 'नाही' नाहीये. 'नवीन काही आणा' हे त्याने स्वतः सांगितलंय आणि तुम्ही काउन्सेलर बदलायला निघालात. ती नोंद कधीची?

कृष्णाकाठ
२०१९. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लगेचची. नंतर आठ महिने फिजिओ झाला. हे महत्त्वाचं आहे हे मला कसं कळणार?

नाईटशिफ्ट
ऑपरेशननंतरची नोंद! ती सगळ्यांनाच देतात हो. आजची क्षमता काय आहे ते मोजून घ्या. 'फंक्शनल कपॅसिटी इव्हॅल्युएशन' मागा. फिजिओ प्रत्यक्ष वजन उचलायला लावतो, ढकलायला, वाकायला लावतो आणि आकडे लिहून देतो. आकडे चांगले आले तर पत्र तयार. वाईट आले तर पहिल्या सेमिस्टरला कोसळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. हे मी त्याच्या बाजूने बोलतेय.

पोटोमॅक
आता याच क्रमाने करा. कॉलेजचा अर्ज आणि व्होक रिहॅब या दोन वेगळ्या गाड्या आहेत, अर्ज आजच भरा, त्याला काउन्सेलरची सही लागत नाही. पण आराखड्यावर सही होईपर्यंत फी भरू नका. ते पैसे परत मिळवताना केस पांढरे होतील.

मग पत्र. 'याला नर्सिंग करू द्या' असं मोघम नको. अमुक काम, अमुक वजन, अमुक तास, झेपतं. ध्येय लिहिताना नुसतं 'नर्स' लिहू नका. पहिली दोन वर्षं कुठल्या प्रकारच्या विभागात काढणार आणि पुढे कुठे जाणार, ते लिहा. मला काउन्सेलरने अकाउंटिंग करणाऱ्या तिघांशी बोलून टिपण आणायला लावलं होतं. तेव्हा शिव्या घातल्या, पण त्या टिपणावरच सही झाली. तुमच्याकडे तर या धाग्यावर दोन नर्सा आयत्या भांडतायत, त्यांनाच विचारा.

एवढं करूनही नाही म्हणाला तर लेखी मागा. लेखी निर्णय हातात आला की एक वर्ष असतं. नवा पुरावा असेल तर सप्लिमेंटल क्लेम, फॉर्म २०-०९९५. आहे त्याच कागदांवर वरच्या अधिकाऱ्याने बघावं असं वाटत असेल तर २०-०९९६, त्यात नवीन कागद जोडता येत नाहीत. नाहीतर व्हीएच्या बोर्डाकडे अपील. तोंडी नकारावर यातलं काहीच करता येत नाही.

योजना वापरायच्या १२ वर्षांच्या मुदतीची भीती कोणी घातली तर घाबरू नका. १ जानेवारी २०१३ नंतर बाहेर पडलेल्यांना ती नाही. आणि जीआय बिलाचे उरलेले महिने रागाच्या भरात संपवू नका! त्यातलं काही शिल्लक असेल तर व्होक रिहॅबमध्ये असताना भत्ता जीआय बिलाच्या घरभाड्याच्या दराने घेता येतो. तो सहसा बराच जास्त असतो.

टेलीट्रायाज
कॉलेजला नर्सिंगचे कोर्स तपासणाऱ्या एसेन किंवा सीसीएनईची मान्यता आहे ना, तेही बघा. पुढे व्हीएच्या हॉस्पिटलात आरएन म्हणून जायचं तर लागते. आणि असोसिएट कशाला, बीएसएनच मागा.

पोटोमॅक
इथे जपून. नोकरीत शिरायला जेवढी डिग्री लागते तेवढीच ते देतात. बीएसएन मागायची तर आपल्या भागातल्या हॉस्पिटलांच्या जाहिराती छापून न्याव्या लागतील, 'बीएसएन आवश्यक' वर पिवळा मार्कर मारून.

कृष्णाकाठ
अर्ज काल रात्री भरला. फिजिओची वेळ पुढच्या मंगळवारची मिळालीये. काउन्सेलरला ईमेल केली, तीन ओळींचं उत्तर आलं, की रिपोर्ट आल्यावर पुन्हा बसू. नवऱ्याला हा धागा वाचून दाखवला. व्यसनमुक्तीवर फार हसला. नाईटशिफ्ट यांचं चादरीचं वाचलं तेव्हा मात्र गप्प झाला. मग म्हणाला, मी स्ट्रेचर उचललेत, मला माहितीये, त्यांना विचार डायलिसिस युनिटमध्ये उचलायचं किती असतं.

नाईटशिफ्ट
वॉर्डापेक्षा कमी. बरेच जण चालत येतात, खुर्चीत बसतात. पण कोणी व्हीलचेअरवरून आला की आलंच. तिथे एक दिवस नुसतं बघायला जाऊ देतात का, विचारायला सांगा. विपू केलीये.

खडकीकर
गुडघ्याला निर्गुंडीचं तेल, रात्री कोमट करून. माझ्या सुभेदारसाहेबांचा गुडघा त्यावरच सत्तरीपर्यंत चालला. मंगळवारी तपासणीला जायच्या आधीही लावा.

नाईटशिफ्ट
आधी नको काका. हात बुळबुळीत झाले तर वजन निसटेल, आणि फिजिओ आकडा तोच लिहील.