चित्रात माणूस नसला तरी

तुम्ही म्हणता, स्थलांतरावरच्या प्रदर्शनात बोचकी, गर्दी, रडवेले चेहरे हवेतच; चित्रकार झरीना हाश्मींच्या चित्रांत माणूसच नाही. मला नाही पटत. २०१३ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात एकल प्रदर्शन झालेल्या या बाईंचं फाळणीवरचं काष्ठचित्र, म्हणजे लाकडी ठशाने छापलेलं चित्र, नीट बघा: कागदावर एकच वेडीवाकडी काळी रेष, भारत-पाकिस्तान सीमेची. ती ठशात कोरलेली नाही, भोवतालचं लाकूड खरवडून शिल्लक ठेवलीय! १९९९ च्या ३६ छापांच्या मालिकेतही घर, उंबरठा, अंगण, सोबत उर्दू शब्द, बस्स.

आमचा दांडिया बाजारातला वाडा पाडला तेव्हा आईने उंबरठ्याचं लाकूड तेवढं मागून घेतलं. आता ते फ्लॅटच्या गॅलरीत उभं आहे. मधोमध झिजून खळगा पडलाय. तिच्या आजेसासूबाईंपासून सगळ्यांचे पाय आहेत त्यात.