मदत हवी आहे: ओटे कापणाऱ्या मामांच्या फुप्फुसात गाठी, टीबी की सिलिकोसिस?

नमस्कार मंडळी. माझे मामा कात्रज-कोंढवा रोडच्या एका दुकानात ग्रॅनाइट आणि क्वार्ट्झचे ओटे कापतात. ऐन तारुण्यापासून हेच काम. तोंडाला रुमाल, हातात ग्राइंडर, संध्याकाळी भुवयासुद्धा पांढऱ्या. दिवाळीपासून कोरडा खोकला आहे, आता जिना चढतानाही दम लागतो. विडी-तंबाखू कधीच नाही. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक गाठी दिसल्या. थुंकीत टीबी निघाला नाही. छातीच्या डॉक्टरांना सिलिकोसिसची (दगडातल्या सिलिका या खनिजाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) शंका आहे, एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) करायला सांगितलंय. मामा म्हणतात, "महिनाभर गावी राहतो, धूळ निघून जाईल." खरंच जाते का? आणि भरपाई वगैरे काही मिळते का?

प्रतिसाद १
मी डॉक्टर नाही. भोसरीत फौंड्रीच्या सेफ्टी विभागात होतो, त्यामुळे हा आजार जवळून पाहिलाय. भुवयांवरची धूळ दिसते तरी; खरा घात करतात पाचेक मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक, न दिसणारे कण. ते नाक-घशात न अडकता थेट वायुकोशात (फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांत) पोचतात आणि रुमालातून आरामात जातात. तिथल्या मॅक्रोफेज, म्हणजे बाहेरचा कचरा गिळणाऱ्या संरक्षक पेशी कण गिळतात, पण सिलिका काही पचत नाही. उलट स्फटिकामुळे पेशीतली पाचक पिशवी फुटते, पेशी सूज आणणारी रसायनं सोडते आणि मरते. कण मोकळा झाला की पुढची पेशी तोच गिळते. हे चक्र थांबत नाही, म्हणून काम सोडल्यावरही आजार वाढू शकतो. सततच्या सुजेमुळे फायब्रोब्लास्ट (व्रण भरणाऱ्या) पेशी कोलॅजन हे तंतूसारखं प्रथिन साठवत जातात. त्याच या गाठी. फुप्फुस ताठ होतं. झालेला व्रण औषधाने जात नाही. तरीही काम आजच थांबवा, नवी धूळ आजार झपाट्याने वाढवते.

टीबीची शंका मात्र सोडू नका. त्या जंतूंशी लढणाऱ्याही याच पेशी, त्यामुळे सिलिकोसिसवाल्यांना टीबीचा धोका बराच जास्त. सीबीनॅटबद्दल (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) डॉक्टरांना विचारा.

प्रतिसाद २
कृत्रिम क्वार्ट्झच्या स्लॅबमध्ये सिलिका ९० टक्क्यांच्याही वर असू शकते, ग्रॅनाइटमध्ये त्याहून पुष्कळ कमी. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या कृत्रिम स्लॅबवर बंदीच घातली. आपल्याकडे कोरडं कटिंग बिनधास्त चालतं, पाणी सोडायला मालकांच्या जिवावर येतं!

भरपाईचं म्हणाल तर १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सिलिकोसिस होता; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या तिसऱ्या परिशिष्टातही तो आहे. केसपेपरवर मामांचं काम डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या आणि पगाराचा जो कागद, हजेरी मिळेल ती जपा. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलं जात असेल तर आधी तिकडे जा.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. पगार रोख होता, पण जुनी हजेरी वही सापडली. मामेभाऊही त्याच दुकानात पॉलिशला आहे, त्याला अजून काहीच त्रास नाही. तरी तपासणी करावी का?

प्रतिसाद १
हो, लगेच. एक्स-रे आणि स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुप्फुसाची ताकद मोजणारी चाचणी) दोन्ही. सुरुवातीला त्रास जाणवतच नाही. आणि कामाचे कपडे घरात झटकू नका म्हणावं.