मदत हवी आहे : महापुराने पोखरलेला दगडी घाट आणि दीपमाळ

नमस्कार मंडळी,

सांगलीच्या वरच्या अंगाला कृष्णाकाठी आमचं गाव. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी ४५ फूट), तेव्हा घाट आणि दीपमाळेचा चौथरा पाण्याखाली होता. २०२१ ला पुन्हा तेच.

वरून पाहिलं तर पायऱ्या जागच्या जागी आहेत. पण पहारीने ठोकलं की खालच्या पोकळ वाजतात. पाणी उतरलं की शेवटच्या थराखाली घळ दिसते, हात खांद्यापर्यंत आत जातो. दीपमाळेला चौथऱ्यापासून तिरपी भेग गेली आहे. ती वाढतेय का हे कळावं म्हणून तिच्यावर आडव्या काचपट्ट्या चिकटवल्या होत्या. या पावसाळ्यानंतर खालची पट्टी तडकली. म्हणजे पाया अजून हलतोय.

ठेकेदाराचं म्हणणं, सांधे सिमेंटने भरू आणि वर काँक्रीटचा थर देऊ. मला हे साफ नामंजूर आहे. पूर ओसरताना नदी झरझर उतरते, घाटामागची माती मात्र चिंब राहते आणि ते कोंडलेलं पाणी भिंतीला आतून ढकलतं. चुन्याच्या सांध्यांतून थोडं तरी झिरपतं. तेही बंद केलं तर फुगवटा ठरलेलाच. शिवाय पोखरलाय पाया आणि काँक्रीट माथ्यावर, म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

इंग्लंडजवळच्या समुद्रात एडिस्टनच्या खडकावर जॉन स्मीटनने १७५९ साली एकमेकांत अडकवलेल्या दगडांचं दीपगृह उभं केलं. त्यात पाण्याखालीही घट्ट होणारा चुना वापरला होता. शंभरावर वर्षं लाटा झेलूनही मनोरा धड राहिला. खालचा खडकच समुद्राने खाल्ला म्हणून तो उतरवावा लागला. आमच्या दीपमाळेचीही मला हीच काळजी वाटते.

जाणकारांनी सांगावं: घळीच्या तोंडाशी दगड भरलेल्या तारेच्या जाळ्या टिकतील, की खाली पक्की भिंतच घ्यावी? जाळ्यांमागे माती धरून ठेवणारं कापड घातलं तर पाणी सुटेल ना? पोकळी भरायला पातळ चुना कमी दाबाने सोडतात असं वाचलंय, कुणी प्रत्यक्ष केलंय का? दीपमाळ दगडांवर आकडे टाकून उतरवून पुन्हा रचावी, की न उतरवता जागेवरच आवळून घ्यावी? ती उतरवायला माझं मन धजत नाही, पण पाया भरताना ती वर उभी असणंही धोक्याचं वाटतं.

आणि सगळ्यात निकडीचं: वाई, माहुली, हरिपूर भागात विटांची सुरकी (भुकटी) घालून दगडी चाकाच्या घाणीवर चुना मळणारे कारागीर अजून आहेत का? कुणाच्या गावच्या घाटावर असं काम झालं असेल तर गावाचं नाव कळवा, मी येऊन बघतो. मृगाच्या आधी निदान घळ तरी बुजवायला हवी. फोटो आणि मापं हवी असतील तर इथेच टाकतो.