मदत हवी आहे: फ्लाइट डिस्पॅचरचा कोर्स अमेरिकेत जाऊन करावा का?

नमस्कार मंडळी,

मी २४ वर्षांची, बीएस्सी फिजिक्स. दोन वर्षं मुंबई विमानतळावर लोड कंट्रोलला (विमानातल्या वजनाचा हिशोब) आहे. गेल्या जुलैत रात्रपाळीला दिल्लीच्या फ्लाइटची लोडशीट तयार होती, तेवढ्यात डिस्पॅचमधून, म्हणजे जमिनीवरून उड्डाणाचा मार्ग, इंधन आणि हवामान पाहणाऱ्या विभागातून, फोन आला : दिल्लीकडे गडगडाट आहे, अल्टरनेट (उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळ) जयपूरऐवजी लखनौ घेतोय, फ्युएल वाढतंय. थोडा कार्गो उतरवला, मी शीट पुन्हा काढली, चिडचिडही केली. ते विमान दिल्लीवर घिरट्या घालून शेवटी लखनौलाच उतरलं. त्या पहाटेपासून मला त्या खुर्चीत बसायचंय.

एका एजन्सीवाल्याने सांगितलं, अमेरिकेत सहा आठवड्यांचा कोर्स करा, एफएएचं, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाचं, लायसन्स घ्या, जगात कुठेही नोकरी. फी, व्हिसा, राहणं धरून साडेसात लाखांचा अंदाज. बाबा एसटीतून निवृत्त झाले, ते एफडी मोडायला निघालेत. मला झोप येत नाही.

मी वाचलं ते असं : किमान २०० तासांचा कोर्स, ८० प्रश्नांची लेखी परीक्षा, ७० टक्क्यांना पास, मग परीक्षकासमोर तोंडी आणि प्रत्यक्ष फ्लाइट प्लॅनिंग. लायसन्सला वय २३ पूर्ण लागतं. मेडिकल लागत नाही. अभ्यासाची भीती नाही. परत आल्यावर इथे त्या कागदाला किंमत किती, हे कुणी नीट सांगेल का?

प्रतिसाद १

ताई, मी बरीच वर्षं एका एअरलाइनच्या ओसीसीमध्ये (उड्डाणं सांभाळणारं नियंत्रण केंद्र) आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. एफडी मोडू देऊ नका. निदान आत्ता तरी नको.

आपल्याकडे डिस्पॅचरला डीजीसीएची (आपला विमान वाहतूक नियामक) मान्यता एअरलाइनमार्फत मिळते. एअरलाइन आधी घेते, वर्गात शिकवते, ज्या विमानावर काम करायचं त्याचं ट्रेनिंग देते, सीनियरच्या शेजारी बसवते, मग परीक्षा. एफएएचं लायसन्स असलं तरी हा रस्ता चालावाच लागतो. मुलाखतीत त्याचा उपयोग होतो, कारण हवामान आणि परफॉर्मन्सचा पाया पक्का असतो. पण नोकरी त्याने मिळत नाही.

'जगात कुठेही' हे तर सरळ चुकीचं आहे. युरोपात तिथल्या नियामकाचं, ईएएसएचं, डिस्पॅचर लायसन्सच नाही. ब्रिटनमध्ये डिस्पॅचर म्हणजे बहुतेक वेळा बेवर, म्हणजे विमान उभं असतं तिथे, राहून विमान वेळेत सोडणारा माणूस, आपल्या कामाशी त्याचा संबंध नाही. त्या नावाचेही कोर्स विकले जातात, जपा.

तुमच्याकडे लोड कंट्रोलचा अनुभव आहे, तो मोठा आहे. झीरो फ्युएल वेट (इंधन सोडून भरलेल्या विमानाचं वजन) तुम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. ओसीसीतल्या जागांवर नजर ठेवा. तोवर एफएएची हवामानाची आणि पायलटांची हँडबुकं फुकट उतरवून घ्या, रोज दहा विमानतळांचे मेटार-टाफ (हवामानाची ताजी नोंद आणि अंदाज) वाचा.

प्रतिसाद २

मी डॅलसला असते, हाच कोर्स इथे केला. शिक्षण उत्तम होतं. इथे कॅप्टन आणि डिस्पॅचर दोघांची जबाबदारी सारखी, रिलीजवर (उड्डाण सोडायच्या कागदावर) दोघांची सही. ते ओझं पहिल्या दिवसापासून मनावर ठसवतात. पण माझ्याकडे ग्रीन कार्ड होतं म्हणून नोकरीसाठी अर्ज करता आला. लायसन्स म्हणजे वर्क परमिट नव्हे. वर्गात बाहेरदेशचे दोघे होते, दोघांनाही त्यांच्या एअरलाइनने पाठवलं होतं. ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. आणि हे लायसन्स एकदा मिळालं की त्याला मुदत नसते, पण ते मिळवायचीही घाई नाही. तिशीत केलं तरी चालतं.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच बाबांना फोन केला, एफडी तशीच राहील. एजन्सीवाल्याने ग्रीन कार्डचा विषयच काढला नव्हता.

दादा, एकच विचारते. ओसीसीच्या मुलाखतीत टाफ समोर ठेवून अल्टरनेट निवडायला सांगतात का? आणि नोटॅम (धावपट्टी बंद वगैरे सूचना) किती खोलात विचारतात? आजची रात्रपाळी आहे, मधल्या वेळात सराव सुरू करते.